पंखा बंद कर, आये

भूतखेत, अंगात येणं, असलं मी कधी मानलं न्हाय. तेवीस वर्षं मिठागरात टोपल्या वाहिल्या, खाजणाच्या चिखलातनं एकटी चालत घरी आली. पाठ दुखायची ते खरं. बाकी मला कधी कोण दिसलं न्हाय.

लिहितेय माझी सून, वैशाली. मी दुसरीतनं शाळा सोडली. मी बोलते, ती लिहिते. तिला सांगितलंय, तुझं पदरचं काय घालू नको.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, पोयनाडच्या पुढं, खाडीच्या बांधाला लागून. घराची पुढची खोली माझ्या लेकीची, कल्पनाची. तिथं ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची, झेरॉक्स काढायची. खिडकीखाली टेबल, त्याच्यावर कॉम्प्युटर, दोन छोटे स्पीकर. वर पंखा. तो घरघर करतो.

मी धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवलारीण लागते... मांडवात बसून धवले गायचे, कुठल्या विधीला कुठला ते तिला ठावं. माझे सगळे तोंडपाठ. कल्पना बोलली, "आये, तू गेलीस की हे पण जातील." मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला समोर बसवून धवले कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायची आन् पयलं बोलायची, "पंखा बंद कर, आये... हां, घे." ते पण आत भरलं जायचं. मी बोलली, ते तुझं काढून टाक. तर हसायची. "ऱ्हाऊ दे गो, माझं पण नाव होईल."

सगळे भरून झाले, एक राहिला. हळदीचा. दुनियेच्या पोरींना तो गायली, पण घरात, कुवार लेकीच्या पुढ्यात, मांडव न्हाय हळद न्हाय... मला ते बरं वाटंना. भूत मानलं न्हाय, पण हे मानलं. मी बोलली, "तुझ्या हळदीला गाईन." ती बोलली, "मी छत्तीसची झाले, आये. तेवढ्यात तुझे दात पडतील."

मग तिला कावीळ झाली. अकरा दिवस. दवाखान्यात डोळे पिवळे, ओठ सुकलेले, तरी बोलली, "हळदीचा राहिला बघ." मी बोलली, "बरी हो, मग." बास. तेवढंच बोलली मी.

ती गेल्यावर वैशाली मला रोज दुपारी कॉम्प्युटर लावून द्यायची. शेजारणी बोलायच्या, म्हातारी आपलंच गाणं ऐकत बसते. मी गाणं ऐकत नव्हती. मी तिचं "पंखा बंद कर, आये" ऐकायची. दुसरीकडं उतरवून ठेवू, असं वैशाली दहादा बोलली. घेऊ, घेऊ करत राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर बंद पडला. अलिबागवरनं नंदूला बोलावला. तो आन् कल्पना एकाच क्लासला होते, आता त्याला टक्कल पडलंय. त्यानं डबा उघडला नि बोलला, "काकी, तुमच्या खाऱ्या वाऱ्यावर माझं घर चालतं." पावर सप्लाय गेला होता. त्यानं नवा बसवला. बटण दाबलं... दिवा लागला, आतला छोटा पंखा फिरला. पण पडदा काळाच.

"आता काय?" मी बोलली.

"बघू ना काकी. नवीन पार्ट टाकला की रुसतो कधी कधी."

तास दीड तास झटला. रॅमची पट्टी काढून खोडरबरनं घासली, सेल बदलला, वायरी काढल्या, घातल्या. पडदा काळा. मग त्यानं आतनं एक डबी काढली, पुस्तकाएवढी, आन् माझ्या हातात दिली. "ही हार्डडिस्क. कल्पनाचं सगळं हिच्यात हाय. धरा नीट. हिच्याशिवाय चालू होतो का बघतो."

मी ती मांडीवर घेतली, पदराखाली. थंड होती, वजनाला जड. दुपारचे तीन वाजले असतील. वैशाली आत भांडी घासत होती.

नंदूनं बटण दाबलं. पडदा काळा. आन् स्पीकरमधनं...

"पंखा बंद कर, आये... हळदीचा घे."

असं रेकॉर्डिंग न्हाय. मी रोज ऐकलंय, पयल्यापासनं शेवटपर्यंत. हळदीचं नाव कुठंच न्हाय.

वैशाली राखेच्या हातांनी दारात आली. मी उठली, पंखा बंद केला, परत बसली. स्पीकरमधनं नुसती बारीक सुरसुर येत होती, कल्पना माझ्या गाण्याची वाट बघायची ना, तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये यायची तशी.

मी हळदीचा धवला गायली. सगळा. मध्ये एकदा थांबली, परत उचलला. संपला तेव्हा सुरसुर बंद झाली.

मी विचारलं, "नंदू, गेला का आत?"

तो रडत होता. "काकी, डबी तुमच्या मांडीवर हाय."

ती डबी त्यानं मुंबईला पाठवली. तिथले बोलले, पार खराब झालीय, काय निघणार न्हाय. धवले गेले, तिचा आवाज पण गेला. नंदूला मी परत परत विचारलं. तो बोलतो, डबी बाहेर असताना आवाज यायला जागाच न्हाय, काकी. वैशाली बोलते, मी पण ऐकला. मी काय सांगू? मला पण कळत न्हाय.

आता वैशाली मोबाईल धरते, मी परत एकेक गाते. हळदीचा मात्र न्हाय देत. तो मी कल्पनाला दिला. पोचला का, ते ठाऊक न्हाय.

दुपारी त्या खोलीत बसते तेव्हा पंखा लावत न्हाय. वैशाली विचारते, आई, उकडत न्हाय का?

उकडतं.