चपट्या बुडाचा डोंगा

तलावातले शिंगाडे तोडायला नवा डोंगा, म्हणजे लहान नाव, घ्यायचा हट्ट माझाच. घरी होता तो मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. एकाच खोडातून कोरलेला, लांब, अरुंद, गोल बुडाचा. त्यात बसून वेलाकडे जरा वाकलं की कलंडलाच. नवा टिनाचा आला, रुंद, चपट्या बुडाचा. त्यात मांडी घालून बसा, पोतं भरा, हलायचं नाव नाही. मी मामाजींना तोंडावर म्हटलं, "तुमचा डोंगा आता चुलीत घाला." माझी जीभ अशीच.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "पाणी पाहून डोंगा घेवा लागते, बाई. काठाले तुहा बरा. मंधात हवा सुटली का चपटं बूड लाटेवर चढते अना आपटते. गोल बूड लाट कापते."

"तलावात कायची लाट? समुद्र आहे का?"

एक दिवस नवरा मधल्या खोल पाण्यात जाळी काढायला निघाला, तेव्हाही मीच म्हटलं, "टिनाचा न्या. त्या लाकडात काऊन बसता?" तो टिनाचाच घेऊन गेला.

दुपारी आभाळ काळं झालं आणि समोरच्या काठाकडून हवा सुटली. काठावरून दिसत होतं, डोंगा वर उचलला जायचा आणि फाडकन खाली आपटायचा. नवरा डब्यानं पाणी उपसून राहिला होता. पोहायला येतं त्याला, पण डोंग्यात आणि खाली पाण्यात त्याचंच जाळं. त्यात पाय गुंतला की पोहणाराही बुडतो. बापा, मीच धाडलं त्याला!

मामाजींनी लाकडी डोंगा पाण्यात लोटला. दोन बांबू, दोर आत टाकले. मला म्हणाले, "बस. अना हलू नोको."

मी बसले. लाट आली की वाटायचं, आता उलटलो. पण डोंगा तिच्यात घुसायचा आणि पलीकडे निघायचा. पूर्ण वाट मी श्वास मोजत होते.

पोचलो तेव्हा टिनाच्या डोंग्यात नडगीपर्यंत पाणी होतं. मामाजींनी दोन्ही डोंगे शेजारी घेतले, वरून बांबू आडवे टाकले. जोरात हवा असली की आमच्याकडे असेच दोन डोंगे जोडतात. "बांध," ते ओरडले. पहिली गाठ सुटली. दुसऱ्यांदा दातांनी ओढून बांधली. जोडल्यावर लाकडी कलंडेना आणि टिनाचा आपटेना. हळूहळू काठ जवळ आला.

काठावर नवरा चिखलातच बसला. त्याला हात लावून पाहिलं तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

मामाजी दोर सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग? चुलीत घालाचा का डोंगा?"

"मले घाला," मी म्हटलं.