मामांविरुद्ध पाच तक्रारी

सख्ख्या मामाचा फोन सरकारी नियमाने बंद पाडणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच भाचा.

जाहिरातींच्या रेकॉर्ड केलेल्या फोनांनी मी पिसाळलो होतो. अंघोळीला गेलो की कर्ज, जेवायला बसलो की कडकोळचा प्लॉट! शेवटी मी सगळे नियम वाचून काढले. (मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. कुणीतरी वाचायलाच हवेत.) साध्या मोबाईल नंबरावरून जाहिरातीचे फोन करायला बंदी आहे. एकाच नंबराविरुद्ध पाच वेगवेगळ्या फोनांवरून लागोपाठ तक्रारी गेल्या, तर त्यावरून बाहेर फोनच लागत नाही! आमच्या जयलक्ष्मीपुरमच्या घरात फोन बरोबर पाच: माझा, बायकोचा, भावाचा, भावजयीचा आणि आईचा. पाचांवरही तक्रारीचं ॲप मीच घातलं.

एका रविवारी अनोळखी नंबर वाजला.

"नमस्कार! आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की..."

खणखणीत आवाज, मध्ये श्वाससुद्धा नाही! मी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं, तरी गाडी थांबेना. म्हणजे यंत्रच! मी फोन कापला आणि तक्रार केली. दोन मिनिटांत बायकोच्या फोनवर तेच. मग भावाच्या, मग भावजयीच्या. मी घरभर धावून तक्रारी ठोकत होतो.

पाचवा फोन आईने उचलला आणि मन लावून ऐकायला लागली.

"आवाज ओळखीचा वाटतो रे."

"आई, ओळखीचा वाटेल असाच मुद्दाम निवडतात!"

"सुम्ने, गप्प बस की जरा! ऐकू दे!"

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि पाचवी तक्रार केली. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तीन दिवसांनी आईचे धाकटे भाऊ, वामनमामा, सरगूरहून बसने थेट आमच्या दारात. काखेत पत्रिकांची पिशवी, चेहरा लालबुंद.

"अय्यो दत्तू, पोरीचं लग्न आठवड्यावर आलं अन् माझ्या फोनवरून फोनच जाईना! लग्नासाठी म्हणून मुद्दाम नवा नंबर घेतला, पत्रिकेवर तोच छापला. आचारी ठरायचाय, निम्मी आमंत्रणं व्हायचीत. कंपनीवाले म्हणतात, तुम्ही माल विकता म्हणून कंप्लेंट आहे. काय विकलं रे मी? अक्षता?"

रविवारचं ते 'यंत्र' मला आत्ता ओळखू आलं. माझ्या आजोळची रीत अशी की, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं आमंत्रण द्यायचं, पूर्ण मजकूर म्हणायचा आणि मध्ये कुणी काही बोललं तरी थांबायचं नाही. थांबलं तर कार्यात विघ्न येतं! ही रीत मला लहानपणापासून पाठ होती.

"मामा, तो... मीच केला. बंद."

आईने कपाळावर हात मारून घेतला. मला खरोखर लाज वाटली. ज्या मामांनी मला खांद्यावर बसवून दसऱ्याची मिरवणूक दाखवली, त्यांच्या लेकीच्या कार्यात विघ्न मीच!

मामा म्हणाले, "तुझा फोन चालतो ना, अल्वा?"

"चालतो."

"मग बस. ही घे यादी."

तक्रारी मागे घेऊन त्यांचा फोन सुरू होईपर्यंत माझी सुटका नव्हती. आचारी पहिल्याच दिवशी कबूल झाला आणि मामांनी त्यानंतरच आमच्याकडचा चहा घेतला. पुढे दोन दिवस मी एकेका घरात चार-चार फोन केले. "नमस्कार! आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की..." लोक "कोण? कोण?" विचारत होते, पण मी थांबलो नाही. पुन्हा विघ्न नको!

लग्न झकास झालं. दुसऱ्या दिवशी मला मेसेज आला: आपल्या नंबराविरुद्ध तक्रार नोंदवली गेली आहे. मी तावातावाने कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने तक्रार वाचून दाखवली.

"सर, लिहिलंय की बोलणारा माणूस नाही, यंत्र आहे. आणि ऐकता ऐकता झोप लागते."

वीस वर्षं शिकवतोय. पण वर्गातल्या एकाही मुलाने हे असं लेखी दिलं नव्हतं!