वैजनाथच्या डोंगराला टाकी

आमच्या शेडात दगडाचा भुगा आणि किस्से रोज साठतात. भुगा मी झाडून काढते, किस्से काही झाडूला येत नाहीत.

शेड बेळगावजवळच्या कंग्राळीत, आप्पांचं. आप्पा निपाणीकडचे शिल्पकार, दगडातून डोंगर करतात. हुबेहूब नाही हं. झाड नाही, देऊळ नाही, नुसता डोंगराचा भाव. मी तिथं दगड घासायला जाते ते माझ्या अडीच वर्षांच्या ओवीमुळं. घरी तिला बघायला कोणी नाही, आणि लेकराला घेऊन ये म्हणणारं दुसरं काम मला मिळालं नाही. पहिल्याच दिवशी आप्पा म्हणाले, "पोरगी असू दे. पण सांगितल्याबिगर दगडाला हात लावलास, तर दुसरं काम बघ."

*

आमच्या शेडातले बाळूअण्णा आधी पाटे-वरवंटे घडवायचे. आप्पांनी त्यांना पहिला डोंगर दाखवला. "अण्णा, काय दिसतंय?"

अण्णा चारी बाजूंनी फिरून आले. "पाटा बिघडलाय."

*

एक डोंगर शेडाबाहेर ट्रकची वाट बघत होता. सकाळी आम्ही बघतो तर त्याला हळदकुंकू, पुढं उदबत्ती, अर्धा नारळ. आप्पा बादली घेऊन धुवायला गेले, तर शेजारच्या आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या.

"देवाची आंघोळ चप्पल घालून करत्यात व्हय, आप्पा?"

आप्पांनी चप्पल काढली.

*

ओवी पडेल, भुगा खाईल, पायावर छिन्नी पाडून घेईल. माझा एक डोळा दगडावर, एक तिच्यावर. आप्पा एकदा म्हणाले, "तुझी एवढी भीती दगड असती, तर मी त्यातच डोंगर काढला असता."

*

मग वैजनाथच्या डोंगराचं काम आलं. बेळगावात प्रदर्शन होतं. एक बाजू घासायला सांगून आप्पा गावाला गेले. ती झाली आरशासारखी. दुसरी खरबरीतच. मला वाटलं, सांगायचं विसरले, आता काम अर्धं राहिलं म्हणून माझ्यावरच येणार. दोन दिवस घासून तीही चकचकीत केली.

आप्पा आले. हात फिरवला. "ह्या अंगाला पाऊस होता गं. कुठं गेला?"

मी ओवीची बाटली पिशवीत भरायला लागले. मग म्हटलं, "आप्पा, माझी आई दारोदार पाट्याला टाकी लावायची. गुळगुळीत पाट्यावर वाटण होत नाही, म्हणून ठोकून तो पुन्हा खरबरीत करायची. मलाबी येतंय. एक दिवस द्या."

आप्पांनी छिन्नी पुढं केली. "लाव. तुझं काय करायचं, ते प्रदर्शनात बघू."

*

प्रदर्शनात एक चष्मेवाले सर नेमके त्याच बाजूला थांबले. हात फिरवतायत, मागं सरतायत, परत हात फिरवतायत. "थेट पावसानं झोडपलेला कडा. कसं साधलंत हे?"

आप्पांनी मला पुढं केलं. "हिला विचारा. आमची कारागीर हाय."

ओवी कडेवर. सर वही काढून म्हणाले, "ताई, हे करताना मनात काय होतं?"

जे होतं तेच सांगितलं. "चटणी बारीक व्हायला पाहिजे."

सरांनी ते लिहून घेतलं.