तिरपा टाका

माझ्या बायकोनं, पंचफुलानं, 'व'चा पत्रा उन्हात धरला होता आणि मी भिंतीवर पडलेलं अक्षर पाहत होतो. नवीन पत्रा कापला की आमची हीच टेस्टिंग.

"पट्टी सरळ काहून ठेवली?" तिनं विचारलं.

"घाई होती."

"ब्रशानं वाकते ते. साऱ्या अक्षरात तिरपी हाय, मंग यानंच काय घोडं मारलं?"

तिनं दुसऱ्या कोऱ्या पत्र्यावर खडूनं तिरपी पट्टी आखून दिली. मी म्हटलं, "उद्या कापतो." मग तिनं भाकरी टाकल्या, आम्ही जेवलो. संध्याकाळी तिला ताप भरला. यवतमाळच्या दवाखान्यातून पंचफुला परत आली नाही.

दिग्रसच्या एका प्रेसमध्ये मी मार्का मारायचो. प्रेस म्हणजे कापसाची रुई दाबून गाठी बांधतात ती जागा. गाठीवर बारदान असतं, त्यावर प्रेसचं नाव आणि नंबर उमटवायचा. पत्र्यात अक्षर कापायचं, पत्रा बारदानावर ठेवायचा, वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. अडचण एकच. 'व'चं पोट गोल कापलं की मधला तुकडाही गळून पडतो. तो धरून ठेवायला पत्र्याची बारीक पट्टी सोडावी लागते. पंचफुला गोधड्या शिवायची, ती त्याला टाका म्हणायची. सगळे कारागीर सरळ पट्टी सोडत. तिरपा टाका तिचा. त्यावरून ब्रश घसरून जातो, अडकत नाही. तिला वाचता येत नव्हतं. आकार मात्र पक्का दिसायचा.

कापसाची ती वाईट सालं होती. प्रेस एक हंगाम चाले, एक हंगाम बंद. ती गेली त्या हंगामात गेटचं कुलूपच निघालं नाही. खडूचा पत्रा मी कपाटावर ठेवला. हात लावला तर खडू पुसेल, म्हणून लावला नाही.

अशात नागपूरहून ऋतुजा मॅडम आल्या. त्यांनी कुठंतरी आमचं जुनं बारदान पाहिलं आणि त्या अक्षरांवरून फॉन्ट बनवला. फॉन्ट म्हणजे सारी मुळाक्षरं एकाच वळणाची, कम्प्युटरमध्ये भरलेली. हे वळण आलं कुठून, ते त्यांना यवतमाळच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन मांडून सावल्यांनी दाखवायचं होतं.

"काका, अक्षरं कापताना पडलेले तुकडे ठेवलेत का?"

"पोतंभर हायत. भंगारवाला फिरकला नाई म्हणून."

मॅडमनी ते तुकडे तारांनी एका चौकटीत टांगले. नुसतं पाहिलं तर भंगाराचं झुंबर. पण समोरचा बल्ब नेमक्या जागी सरकवला की भिंतीवर सगळ्या सावल्या जुळून अक्षर उभं राहायचं. बल्ब येणाऱ्यानं स्वतः सरकवायचा. पाहून मी खूश झालो. मग खालची पाटी वाचली. माझं एकट्याचं नाव.

"यात पंचफुला कुठं हाय?"

हॉलचं काम पाहणारे सर म्हणाले, "बाजूला त्यांचा फोटो लावू ना, बाबा."

"फोटो घरी हाय. हार बी हाय. म्या फोटोसंगं काम नाई केलं."

"मग काय करू?" मॅडमनी विचारलं.

"हे एकट्यानं जुळते, तेच खोटं हाय. एक धरणारा लागते, एक पाहणारा."

मॅडमनी पान्हा घेऊन चौकटीचा नट ढिला केला. चौकट गरगर फिरायला लागली. आता एकानं चौकट धरायची, दुसऱ्यानं लांब उभं राहून बल्ब सरकवायचा.

"एकटाच माणूस आला तर?" सर म्हणाले.

"हाक मारन कोणाले."

"उद्या पाहुण्यांसमोर फजिती झाली, तर त्याच मिनिटाला नट आवळीन. सांगून ठेवतो."

"आवळा."

म्हटलं खरं. पण नट आवळला की यातून पंचफुला गेली.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. त्यांनी बल्ब सरकवला. भिंतीवर कावळ्यांची मारामारी. पंख्याच्या वाऱ्यानं चौकट फिरतच राहिली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. सरांचा हात पान्ह्याकडे गेला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून साहेबांच्या बाई उठल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

"अहो, बल्ब मागे घ्या."

"घेतला."

"मागे म्हटलं, बाजूला नाही!"

"माझ्या मागे की तुझ्या मागे?"

हॉल हसायला लागला. साहेबही हसले.

"आता हलू नका!"

भिंतीवर 'व' उभा राहिला. पोटात तिरपी फट.

मग जोड्यांची रांग लागली. सासू आणि सून, दोन कंडक्टर. एक बाई एकटीच आली, तर सरांनी स्वतः चौकट धरली. पाटीवर मॅडमनी पंचफुलाचं नाव घातलं, तेही माझ्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटावरून पत्रा काढला. खडू शाबूत होता. त्या रेषेवरूनच छिन्नी चालवली. उन्हात धरला, तर पत्रा सांभाळू की भिंत पाहू? अक्षर कापणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, आपणच धरलेला पत्रा आपल्याला नीट दिसत नाही. शेजारच्या जमिलाबाईला हाक मारली.

"बाई, जरा हे धर."

"कायले? प्रेस तं बंद हाय, भाऊ."

"पाहाचं हाय."

तिनं पत्रा उन्हात धरला, मान वाकडी करून भिंतीकडे पाहिलं.

"भाऊ, मधात तिरपं दिसून राह्यलं."

"तिरपंच पायजे," म्हटलं.