रुमालाखालचा आकडा

माझ्या बायकोला मी फसवलं आणि मला एका मास्तराने फसवलं. पहिली गोष्ट मी कबूल करतो. दुसरी त्याने अजून कबूल केलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी बैलांचा दलाल आहे. इचोड्याला हमरस्त्याला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. बाप लोकांची गुरं बाजारापर्यंत हाकत न्यायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. मी हाकता हाकता विकायला शिकलो. अक्षरं नीट वाचता येण्याआधी मला जनावराचे दात वाचता येत होते. मला कोणी वर काढलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही.

आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे जण हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं धरून आकडा सांगतात. वरून दोघेही ओरडत असतात, आईबहिणीच्या शपथा घेत असतात, बैलाला गाढव म्हणत असतात. ते सगळं खोटं धरायचं. खरं ते रुमालाखाली. तोंडाला माफी आहे, बोटाला नाही. बोटाने खोटं बोलला त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही. आणि सौदा पटला नाही तर काही बोलायचं नसतं, हात ओढून घ्यायचा.

लग्न झाल्यावर बायको हे माझ्याकडून शिकली. चुलीपाशी बसून पदराखाली माझी बोटं धरायची. चार बोटं धरली की चार दिवस माहेरी. मी दोन धरायचो. ती हात ओढून घ्यायची आणि त्या दिवशी भाकरी करपायची.

तिला एकच बहीण, थोरली. जैनथकडे, पैनगंगेच्या काठच्या गावात दिलेली. त्या बहिणीच्या नवऱ्याला मी नऊ वर्षांपूर्वी एक बैल दिला. नांगराच्या तिसऱ्या तासाला तो बैल शेतात बसला. तो माणूस बैल घेऊन भर बाजाराच्या दिवशी माझ्या शेडवर आला आणि शंभर लोकांदेखत मला चोर म्हणाला. मी म्हटलं, "दात विचारले, दात सांगितले. बसतो का म्हणून तुमी विचारलंच नाई." त्याने माझ्या बापाचा उद्धार केला. मी काठी उचलली. त्या दिवसापासून दोन्ही घरं तुटली. माझ्या घरातलं कोणी त्या अंगणात पाय ठेवणार नाही, असं मी बोललो आणि बायकोने ते नऊ वर्षं पाळलं. बहीण नदीकाठी आणि ही हमरस्त्यावर. मधे दोन-अडीच तासांची बस.

दोन वर्षांपूर्वी पोळ्यानंतर तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. आम्ही कावीळ समजलो. तलमडुगुकडच्या एका गावात काविळीची मुळी देतात, ती दोनदा आणली. पोटातलं दुखणं पाठीत गेलं तेव्हा आदिलाबादला नेलं, तिथून नागपूरला. दसऱ्याला चार दिवस होते. नागपूरच्या डॉक्टरने तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, पित्ताशयाचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत उतरला आहे. दोन महिने, फार तर तीन.

मी म्हटलं, "साहेब, सहा तरी म्हणा."

तो म्हणाला, "मी भाव सांगत नाही, बाबा. त्यांना जे करायचं असेल ते आता करू द्या."

बाहेर आलो तर ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तीस वर्षं गिऱ्हाइकासमोर हे तोंड मी कोरं ठेवलं, तेव्हाही कोरंच ठेवलं. बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "मले अक्काकडे जायचं हाय. एक डाव."

मी कंडक्टरकडे इचोड्याची दोन तिकिटं मागितली.

आता मास्तराचं. नोकरीतून निवृत्त झालेला, पांढरे कपडे, आवाज गोड. इचोड्याच्या मंगल कार्यालयात तो महिन्यातून एकदा शिबिर घ्यायचा. विश्वासाने आजार बरा होतो, हा त्याचा विषय. स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगायचा, "इथे गाठ होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी रोज सकाळी स्वतःला सांगितलं, मी निरोगी आहे. आज ती गाठ कुठे आहे?" बाया रडायच्या. माझी मुलगी सासरहून आईसाठी आली होती, तिने मला तिथे नेलं. मास्तराने एक पैसा मागितला नाही. तिथेच मी फसलो. दाम मागितला असता तर मी त्याचे दात पाहिले असते. फुकट देणाऱ्या माणसाचं तोंड मी उघडून पाहिलं नाही.

तो घरी आला. बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यासमोर गोड बोलला आणि अंगणात आम्हाला नियम घालून दिले. आजाराचं नाव घरात घ्यायचं नाही. डॉक्टरने काय सांगितलं ते तिला कळू द्यायचं नाही. घरात कोणी रडायचं नाही. तिने रोज तीनदा आरशासमोर म्हणायचं, मी बरी होत आहे. आणि कोणाची शेवटची भेट म्हणून कुठेही न्यायचं नाही.

मी विचारलं, "तिले बहिणीकडे जायचं हाय."

"बरी झाल्यावर जाईल," तो म्हणाला. "आता गेली तर तिचं मन समजेल की आपण निरोप घेत आहोत. मनाने निरोप घेतला की शरीर ऐकतं."

खरं सांगतो, मला ते बोलणं गोड लागलं. बायको वाचेल म्हणून लागलं, आणि त्या अंगणात मान खाली घालून जावं लागणार नाही म्हणूनही लागलं. या दोन गोष्टी मी तेव्हा वेगळ्या केल्या नाहीत. ढीग एकच होता.

पहिले पंधरा दिवस विश्वासाने काम केलंही. हे नाकारलं तर मी खोटा ठरेन. नागपूरला पित्त वाहायला नळी टाकली होती, त्याने डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता. ती अर्धी भाकरी खायची, तुळशीपर्यंत चालायची. आरशासमोर उभी राहून म्हणायची, "मी बरी होऊन राह्यली." मग आरशाला विचारायची, "काऊन जी, तुमाले पटलं का?" मुलगी हसायची आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसून यायची.

एका दुपारी मी तिच्या खाटेवर बसलो होतो. मुलगी अंगणात ज्वारी निवडत होती. बायकोने चादरीखालून माझा हात धरला.

"तोंडानं तुमी सांगणार नाई," ती म्हणाली. "ते पांढरं मास्तर सांगू देणार नाई. बोटानं सांगा. महिने."

आणि तिने माझी दोन बोटं धरली.

डॉक्टरचा आकडा तिने बरोबर ओळखला होता. मी नुसता हात तसाच ठेवला असता तरी सौदा खरा झाला असता. मास्तराचं बोलणं डोक्यात होतं, तिच्या मनाला कळलं की शरीर ऐकतं. मी तिचा अख्खा पंजा धरला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दहा.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तोंड कोरं ठेवलं.

"चादरीखाली हाय हे," ती म्हणाली. "ध्यानात हाय ना?"

"हाय."

मग तिचा चेहरा सैल झाला. तो मला आजही दिसतो. ती उशीवर मागे टेकली आणि म्हणाली, "दहा म्हणजे लय झाले. मंग संक्रांतीले जातो अक्काकडे. वाण घेऊन जातो, म्हणजे ते बी काई बोलणार नाईत अन् तुमी बी. सणाच्या बाईले कोन दारातून परत धाडते?"

मी म्हटलं, "बरं."

त्यानंतर तिने जायचा हट्ट सोडला. मुलगी दोनदा म्हणाली, "माय, उद्या गाडी करू, जाऊन येऊ." हिने तिलाच समजावलं, "घाई काऊन करतं वो? संक्रांतीले जाऊ. तोवर अंगात ताकत येते." मुलीला वाटलं आई हिमतीची झाली. मास्तर आला तेव्हा तिची हिंमत पाहून खूश झाला. म्हणाला, बघा, विश्वास कसा चढतो. तो विश्वास मास्तराच्या वाक्यांवर नव्हता. तो माझ्या बोटांवर होता.

तिने मुलीकडून सुगडं आणवली, तीळ निवडून डब्यात भरले. दिवाळी गेली. दिवाळीनंतर अन्न थांबलं. पोट फुगलं, पाय सुजले, पिवळेपणा परत आला आणि या वेळी नखांपर्यंत गेला. मार्गशीर्षात ती उठून बसेना. मुलगी माझ्यावर ओरडली, "बाबा, मावशीले बलावा. तुमाले नाई जमत तर मी जातो." मी म्हटलं, मास्तरांना विचारू. मास्तराने फोनवर सांगितलं, "आता डगमगू नका. आत्ताच तर परीक्षा आहे." मी डगमगलो नाही. बैल खाली बसलेला असतानाही तो उठेल म्हणून शपथ घेणारा माणूस मी. तीच शपथ घरात घेतली.

मुलीने मला न विचारता मावशीला निरोप धाडला. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाली.

त्या सकाळी बायकोची बोली गेली होती. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मी खाटेवर बसलो आणि चादरीखाली तिचा हात हातात घेतला. थंड होता. मला वाटलं ती माझी बोटं धरेल. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. पाण्याचा चमचा तोंडात धरायची ताकद तिच्यात नव्हती. तरी तिने तो हात माझ्या हातातून काढला. हळूहळू काढला, चादरीबाहेर आणला आणि छातीवर ठेवला. मी पुन्हा धरायला गेलो नाही. हात ओढून घेतला की पुन्हा धरायचा नसतो.

दुपारी ती गेली. तिची बहीण त्यानंतर तासाभराने आली. बस गुडीहत्नूरला बंद पडली होती.

ती रडली नाही. तिने बहिणीच्या तोंडावरचं कापड काढलं, बराच वेळ पाहिलं, मग मला विचारलं, "पावणे, कवापासून माहीत होतं?"

मुलगीच बोलली, "दसऱ्यापासून."

"दसऱ्यापासून," ती म्हणाली. फडताळात सुगडं रांगेने मांडलेली होती. ती तिने मोजली नाहीत, हातही लावला नाही.

तेरावं झाल्यावर मी मास्तराच्या घरी गेलो. तो आंघोळीला गेला होता. त्याच्या बायकोने चहा दिला. साधी बाई. मी म्हटलं, मास्तरांची गाठ विश्वासाने गेली म्हणे. ती म्हणाली, "हो ना. हैदराबादला ऑपरेशन झालं, मग वर्षभर सुया. केस सगळे गेले होते. पण यांनी धीर सोडला नाही."

शिबिरात ऑपरेशन नव्हतं. सुया नव्हत्या. माझ्या अंगणातही नव्हत्या.

तो बाहेर आला. मी विचारलं, "हे काऊन नाई सांगितलं?"

तो म्हणाला, "औषध सगळेच घेतात. विश्वास होता म्हणून ते लागू पडलं."

"मंग माझ्या बायकोचं काय?"

त्याने डोळे मिटले, उघडले आणि गोड आवाजात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. कुठेतरी शंका राहिली असेल. त्यांच्या मनात, नाहीतर तुमच्या."

माझा हात उठला होता. त्याची बायको मधे कप घेऊन उभी होती म्हणून तो खाली आला.

संक्रांतीच्या दिवशी मी ती सुगडं आणि तिळाचा डबा घेऊन नदीकाठच्या त्या गावी गेलो. नऊ वर्षांनी. अंगणात उभा राहून सगळ्यांदेखत सांगितलं की बैल बसका होता आणि मला माहीत होतं. साडू उठून गोठ्यात गेला. अक्का म्हणाली, "बैलाचं मी तवाच सोडलं होतं. माझ्या बहिणीचं सांगा."

मी सांगितलं. चादर, दोन बोटं, दहाचा आकडा, सगळं. तिने ऐकून घेतलं. पाणी दिलं. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच पाणी प्यालो आणि बसस्टँडवर आलो.

मास्तर, माझ्या वाट्याचं उत्तर मी त्या अंगणात देऊन आलो. तुमचं राहिलं आहे. तुम्ही अजून शिबिरं घेता, पोटावर हात ठेवता. कोणाच्या तरी अंगणात जाऊन भेटी बंद करता. माझ्या बायकोच्या मनात शंका होती म्हणालात. तिने मरणाचा आकडा माझ्या हातातून घेतला आणि खरा मानून तीळ निवडले. याहून जास्त विश्वास कोणी ठेवतो का? ऑपरेशन झालं होतं हे तुम्ही का सांगितलं नाही? ती बहिणीला भेटली असती तर तुमचं काय गेलं असतं? बाजाराच्या दिवशी माझ्या शेडवर या. गोड आवाज घरी ठेवून या. रुमाल मी टाकतो, हात तुम्ही द्या आणि उत्तर द्या.