श्रीचं कार्ड

कृष्णात साळुंखे फौजेच्या सिग्नलमधून हवालदार होऊन परतला आणि आमच्या साखर कारखान्याच्या नव्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर लागला. १९७९ साल. ऊसतोडीची पाळी आता लागणीच्या तारखेप्रमाणे मशीन ठरवणार, संचालकांच्या चिठ्ठ्या बंद. सभासदांच्या उसाची माहिती भोकं पाडून कार्डांवर पंच करायचं काम माझं. आणि यादीची वाट बघत ऑफिसच्या पायरीवर रोज शालूबाई. नवरा नाही, दीड एकर ऊस, त्याला तुरा आलेला. "गुणमाला, आनी पंधरा दिसांनी सरपानच की गं त्येचं," म्हणायची.

पण यादी निघेना. काम सकाळी सुरू व्हायचं आणि दुपारी डिस्क भरून मशीन ठप्प. ऑफिसचे साहेब म्हणाले, मोठी डिस्क मागवा. किळस येते असल्या अकलेची! केर साठला तर झाडायचं सोडून नवं घर बांधायचं!

कृष्णात दर अर्ध्या तासाला डिस्क किती भरली ते छापून बघत बसला. "ताई, कार्डं वाचून संपली तरी ही भरतीयाच." मग त्यानं एकेका गावाचा गठ्ठा वेगळा चालवून बघितला. कुठलाही घाला, तेच. शेवटी प्रत्येक गठ्ठ्याचं पहिलं कार्ड उचललं. त्यावर नुसतं 'श्री'.

"ह्ये कुनी घातलंय?"

मीच. कोऱ्या कागदावर आधी श्री काढायचा, ही लहानपणची सवय. त्या कार्डाला सभासद नंबर नाही, म्हणून मशीन ते बाजूला ठेवायचं, दर फेरीला पुन्हा तपासायचं आणि दर वेळी डिस्कवर नवी प्रत लिहायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कृष्णात हसला, "देवाला कशाला रांगंत उभा केलासा?"

श्रीची कार्डं काढली. संध्याकाळच्या आत यादी बाहेर. शालूबाई तिसरी. संचालक लालासाहेब एकशेबारावे.

लालासाहेब यादी घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि हात जोडतच बाहेर आले. "देवाचं नाव काढून यादी? रद्द करा. श्री घालूनच चालवा." श्री घातला की काय होतं, ते साहेबांनी त्यांना आत सांगितलं होतं. थू असल्या भक्तीवर!

"देव म्होरं करून दुसऱ्याची पाळी मारायची व्हय? मला न्हाई जमायचं," कृष्णात तोंडावर म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याची बदली वजनकाट्यावर. श्रीची कार्डं मी परत घातली. पोटासाठी, हो. दुपारी डिस्क भरली आणि तोडीच्या टोळ्या पुन्हा संचालकांच्या चिठ्ठ्यांवर गेल्या.

शालूबाईचा ऊस मार्चअखेर तुटला, निम्मा वाळून. पायरीवर येऊन म्हणाली, "मशिनीत देव बसिवलाय म्हनं. त्येला माजं नाव दिसलं न्हाई व्हय गं?"

ती तिसरी होती, हे मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.