शंभर मिलीला एक दशांश

सुमनमावशी हयात होत्या तोवर सकाळी आधी खिडकीशी गुलाबपाण्याची बाटली धरून बघायच्या, मग चहा. पाणी जरा गढूळ वाटले की बाटली मोरीत रिकामी. संभाजीनगरच्या गारखेड्यात त्या आमच्या शेजारी राहत. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. विकतच्या टोनरने माझ्या मुलीचे, मुग्धाचे गाल सोलून निघत, म्हणून मावशी गुलाबपाण्याचा टोनर घरीच करून देत.

गुलाबपाणी तांब्याच्या भांड्यात काढलेले. त्यात धातूचे अंश उतरतात, पाणी लवकर नासते. ते अंश धरून ठेवणारे काहीतरी घालावे लागे. माझी बायको म्हणे, लिंबूसत्त्व घाला, निदान खाण्यातले तरी आहे. मावशींनी ईडीटीए, प्रयोगशाळेतली पांढरी पूड, निवडली. "लिंबूसत्त्वाची पकड ढिली, अन् सोललेल्या गालाला लई झोंबतं. ईडीटीएनं मी जन्मभर पाण्यातला चुना मोजला. फक्त माप चुकायला नाय पाहिजे."

माप होते शंभर मिलीला एक दशांश ग्रॅम. मावशींची नजर अधू झाल्यावर ते काम माझ्याकडे आले. माझा काटा एक ग्रॅमखाली दाखवत नसे. म्हणून पाच ग्रॅमचे शंभर मिली द्रावण करून त्यातले दोन मिली मी घेई. नव्या बाटलीतले थोडे नेऊन मावशी सात दिवस स्वतःच्या हाताला लावत, मगच आमच्याकडची बाटली मुग्धाने उघडायची.

एकदा तिसऱ्याच दिवशी त्या दारात आल्या. कोपराच्या आत लाल चट्टा होता. "किती घातलं व्हतंस?"

कागदावर दोन होते. पण दोन मिलीची सिरिंज मोडली होती. नवी दहाची, तीही मी सवयीने काठोकाठ भरली होती. पाचपट.

मी आत धावलो. मैत्रिणीच्या लग्नाला करमाडला जायचे म्हणून मुग्धा सात दिवस थांबली नव्हती. बाटली उघडी, ओला कापूस गालावर, डोळ्याच्या अगदी खाली. मी कापूस हिसकावून घेतला. मावशींनी तिला नळाखाली धरले. मग तासभर आम्ही तिच्या गालाकडे बघत बसलो. लाली चढली, डोळ्याकडे सरकते आहे असे मला चारदा वाटले. मग ती थांबली.

यापुढे मी मोजणार नाही, असे मी मावशींना सांगितले.

"आजच मोज," त्या म्हणाल्या. "इतके दिवस नुसता हिशेब करायचास. आज भ्यालास. आता तुझ्या हातचं चालंल."

मी दोन मिली तीनदा मोजले. तोवर मावशींनी दुसऱ्या हाताची बाही वर केली होती.